नागिणीचा पहिला बोल्ट

"मग यात खोट कुठं आहे, तेवढं तरी सांगा."

बाकावर पसरलेल्या नकाशाचं एक टोक वाऱ्यानं उडत होतं. दाजींनी डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि त्या टोकावर वजन म्हणून ठेवला. आता नकाशा जागचा हलत नव्हता, पण दाजींना तो दिसतही नव्हता.

शिरीषनं चष्मा उचलून त्यांच्या हातात दिला आणि टोकावर आपला मोबाईल ठेवला.

"बघा ना, दाजी."

"बघितलं."

"मग?"

"..."

शिरीष कोलते एरवी कुणाकडून अशी गप्प बसण्याची चैन खपवून घेणारा नव्हता. रोलर कोस्टर बांधणारी माणसं आपल्याकडं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्यातलं पहिलं बोट आपलं, असं त्याचं स्वतःचं प्रामाणिक मत होतं. मोठ्या पार्कांचे मालक त्याला विमानानं बोलावून घेत. तो म्हणेल तिथं खांब उभा राही.

पण दाजी पांचाळांपुढं आला की त्याचा पुन्हा नवशिका होई. इंजिनिअरची पदवी खिशात घालून तो जो दाजींच्या ट्रकमध्ये चढला होता, तो कित्येक वर्षं उतरलाच नव्हता. आज या गावची जत्रा, उद्या त्या गावचा उरूस. पाळणा उभारायचा, लोकांना आभाळ दाखवायचं, पाळणा उतरवायचा आणि पुढचं गाव गाठायचं. लोखंडाशी कसं वागायचं ते तो तिथं शिकला. ते दिवस आठवले की आजही त्याला डिझेलचा आणि गरम जिलबीचा वास एकदमच यायचा. मग रुमाल निघायचा, आणि आपल्याला सर्दी झाली आहे असं तो लोकांना सांगायचा.

आता दाजी थकले होते. रानझुल्यातच, टेकडीच्या पायथ्याशी दोन खोल्यांत राहत होते.

रानझुला म्हणजे घाटाखालच्या केळशेत गावाजवळचं जुनं पार्क. कमलताई देवकुळ्यांच्या यजमानांनी ही टेकडी घेतली आणि जत्रेतल्या दाजींना हाताला धरून इथं आणलं. दाजींनी टेकडीला वळसा घालणारी एक छोटी गाडी बांधली. लाकडी डबे, लोखंडी रूळ, आणि वेग असा की शेजारून पळणारं कुत्रं पुढं जावं. सरकारी कागदावर तिचं नाव वेगळं होतं. लोक तिला नागीण म्हणायचे.

यजमान गेले. जाताना सांगून गेले, की दाजींनी मान हलवल्याशिवाय टेकडीवर खिळासुद्धा ठोकायचा नाही. कमलताईंनी तो शब्द पाळला होता. पण शब्द पाळून गर्दी येत नाही. हमरस्त्यावर नवं झगमगीत पार्क झालं आणि रानझुल्याच्या दारात फुगेवालासुद्धा दिसेना. मोठा रोलर कोस्टर उभा राहिला नाही, तर टेकडी बंगल्यांचे प्लॉट पाडणाऱ्यांना द्यायची, हे ताईंनी रडत रडत ठरवून टाकलं होतं.

तेव्हा नवीन काही नकोच, असं म्हणायची सोय दाजींनाही नव्हती. आणि दाजींनी मान हलवल्याशिवाय शिरीषलाही पुढं जाता येत नव्हतं.

एकदा तो हात हलवत परत गेला होता. थंडीत पहिला नकाशा आणला, तेव्हा दाजींनी तो बघून फक्त एवढंच म्हटलं होतं, "टेकडीवर जा, बसून ये." शिरीष गेला. दुपारभर झऱ्याजवळ बसला. परत जाऊन त्यानं झऱ्यावर येणारे खांब हलवले, खांबांना खोडांचा रंग दिला, स्टेशनाला काळ्या दगडाची भिंत घातली. खालून बघणाऱ्याला लोखंड कुठं संपतं आणि रान कुठं सुरू होतं ते कळू नये, असं सगळं जमवून आणलं. ताईंनी चित्रं पाहिली आणि म्हणाल्या, अगदी मनासारखं झालंय.

आज दाजी मात्र शेंगा सोलत होते.

"ही झाडं पाडणार तू?" त्यांनी एकदम विचारलं.

त्यांचं बोट नकाशावर बरोबर तिथं पडलं होतं जिथं पडू नये अशी शिरीषची इच्छा होती. पूर्वेच्या उतारावर जांभळं, उंबरं, भोकरं अशी दाट रांग होती, आणि वावटळीचा, म्हणजे नव्या रोलर कोस्टरचा रूळ त्या रांगेतूनच खाली उतरत होता.

शिरीषची तयारी होती. तो म्हणाला, की एकेका झाडाच्या बदल्यात पलीकडच्या अंगाला दहा-दहा रोपं लावणार आहोत. रोपवाटिकेशी बोलणं झालं आहे. खताची, पाण्याची सोय केली आहे. काही वर्षांत पलीकडचं अंग याहून हिरवं होईल. तोल साधलाय, दाजी. इकडून थोडं घेतलं, तिकडं जास्त दिलं.

"हं."

"शिवाय दुसरी वाटच नाही. मी सगळ्या वाटा बघितल्या."

"रुळाला इथं बाक कशाला घेतलास? सरळ चालला होतास की."

त्या प्रश्नाचीच शिरीष वाट बघत होता. त्याचा चेहरा उजळला.

"तिथं तुमची नागीण आहे, दाजी. ताई म्हणत होत्या, जुनी गाडी काढली तर काम सोपं होईल. मी त्यांना स्पष्ट सांगितलं, की दाजींच्या नागिणीला मी धक्का लागू देणार नाही. तिच्या एका स्क्रूलासुद्धा हात लावणार नाही. वावटळ वळसा घालून जाईल."

बोलता बोलता त्याचा आवाज जड झाला. हे नाटक नव्हतं. नागिणीच्या पहिल्या फेरीत पुढच्या डब्यात दाजींच्या शेजारी तो बसला होता. आपल्या हातून कधी काळी काही चांगलं झालं असेल तर ते हेच, की आपण या गाडीचे रूळ धरायला होतो, असं तो मुलाखतींत सांगत असे. ऐकणारे भारावून जात. सांगणाराही भारावून जाई.

दाजी उठले.

"चल, बघून येऊ."

मंगळवार होता, पार्कला सुट्टी. टेकडीवर चिटपाखरू नव्हतं असं म्हणता आलं असतं, पण पाखरं तेवढी पुष्कळ होती. फाल्गुनातली दुपार असून नागिणीच्या वाटेवर गारवा होता. दोन्ही अंगांनी झाडं उभी होती आणि मधून रूळ चालले होते. वरात बघायला माणसं रस्त्याच्या कडेला दाटीनं उभी राहतात, अगदी तसं दिसत होतं.

ही झाडं कुणी लावलेली नव्हती. नागीण उभी राहिली तेव्हा टेकडीवर कातळ आणि करवंदीच्या जाळ्या, एवढंच होतं. पाखरांना बसायला उंच अशी जागाच नव्हती. ती नागिणीच्या जागोजागी उंच उचललेल्या रुळांवर येऊन बसू लागली. कुठून कुठून जांभळं खाऊन यायची, उंबरं खाऊन यायची, आणि खाल्लेलं शेवटी कुठंतरी टाकावंच लागतं. पहिल्या पावसाळ्यांत रुळांच्या कडेनं रोपं उगवली. दाजींनी त्यातलं एकही उपटू दिलं नाही. गाडीला लागेल तेवढी फांदी छाटायची, बाकी वाढेल तसं वाढू द्यायचं.

शिरीषला ती रोपं गुडघ्याएवढी असल्यापासून आठवत होती. तेव्हा त्याचे केस काळे होते आणि दाजी धावत्या गाडीत चढायचे. त्यानं एका जांभळाच्या बुंध्याला हात लावला. बुंधा आता कवेत मावत नव्हता.

"नागीण नसती तर हे रान झालं नसतं, दाजी," तो म्हणाला. "म्हणून तर म्हणतो, पहिला मान तिचा."

दाजी वळणावर थांबले. तिथं झाडी संपून एकदम खालची दरी उघडते. त्यांनी कमरेच्या पिशवीतून पाना काढला.

शिरीषला वाटलं, एखादा नट सैल झाला असेल. म्हातारा अजून रोज फेरी मारून नट तपासतो, हे त्यानं ऐकलं होतं. दाजी खाली वाकले. रुळाच्या जोडाला पाना लावला आणि डावीकडं जोर दिला.

डावीकडं...

"दाजी, उलटा फिरवताय."

"माहीत आहे."

"काय करताय तुम्ही?"

दाजींनी पुन्हा जोर दिला. नट गंजून बसला होता. त्यांच्या मानेच्या शिरा फुगल्या, पाना सटकला आणि बोटांची सालं निघाली. शिरीषनं धावत जाऊन त्यांचा हात धरला.

दाजी रुळावरच बसले.

"गाडी काढली की काम सोपं होतं, म्हणालास ना? ताई म्हणत होत्या."

"दाजी, हे नाही व्हायचं. लोक काय म्हणतील? कोलत्यानं स्वतःचा कोस्टर उभारायला गुरूची गाडी मोडली, असंच म्हणतील ना?"

दाजी त्याच्याकडं बघत राहिले. रागानं नव्हे... आपण पहिल्यांदाच बघतोय याला, तसे.

"म्हणजे झाडं तुझ्या नावासाठी पाडायची होती."

शिरीषला कुणी थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं. सगळ्या वाटा बघितल्या म्हणाला होता. एक वाट त्यानं बघितलीच नव्हती, आणि का बघितली नव्हती तेही त्याला आता दिसत होतं. नागीण राहिली तर भला शिष्य म्हणून आपणही राहणार होतो.

एक बुलबुल येऊन रुळावर बसला. इतक्या जवळ माणसं बघून उडाला.

मग दाजींनी पाना त्याच्यापुढं धरला.

जत्रेतल्या पाळणेवाल्यांत एक रीत आहे. पाळणा उभारताना पहिला बोल्ट उस्तादानं आवळायचा. उतरवताना पहिला बोल्ट चेल्यानं काढायचा. उस्तादानं त्या वेळी पाठ फिरवून बसायचं, विडी ओढायची, पाणी प्यायचं, काय वाटेल ते करायचं, पण हात लावायचा नाही. कितीतरी गावांत, कितीतरी जत्रांच्या शेवटच्या सकाळी शिरीषनं असा पहिला बोल्ट काढला होता. शीळ वाजवत काढला होता. चाक उतरायचं, खड्डे बुजायचे, शेतकरी बैल घेऊन यायचा आणि लोकांनी आभाळ बघितलं त्या जागी ज्वारी पेरली जायची. त्यात कुणाला कधी वाईट वाटलं नव्हतं. रानझुल्यात येऊन पक्का पगार लागला, पक्का पाया पडला, आणि उतरवायची वेळ कधी आलीच नाही. रीत विसरली गेली.

"तुम्ही उगाच हात लावलात," शिरीष हळूच म्हणाला. "हे माझं काम होतं."

"थंडीत तुला इथं बसायला पाठवलं. वाटलं, बसशील तर आठवेल. नाही आठवलं. म्हटलं आपणच काढावा." दाजींनी सोललेली बोटं धोतराला पुसली. "मला नाही जमलं रे..."

त्यांचे डोळे भरले होते. हा माणूस दगडाचा आहे असं शिरीषला आजवर वाटत आलं होतं, आणि त्याचा त्याला आधारही होता. पण दाजींना नागीण त्याच्याइतकीच, कदाचित त्याच्याहून जास्त प्रिय होती. गेले काही महिने ते याच एका गोष्टीसाठी त्याची वाट बघत बसले होते.

दाजींनी पाठ फिरवली. दरीकडं तोंड करून बसले.

शिरीषनं दाजींच्या पिशवीतलं तेल नटावर सोडलं, ते मुरेपर्यंत थांबला. मग दोन्ही हातांनी पाना धरला आणि छातीचा जोर लावला. नट किरकिरला आणि फिरला. शीळ काही त्याच्या ओठांवर आली नाही.

त्यानंतर सगळं भराभर झालं. शिरीषनं वावटळीचा नकाशा पुन्हा काढला. नागिणीची जी वाट मोकळी झाली होती, तिच्यातूनच नवा रूळ खाली उतरवला. काही फांद्या छाटाव्या लागल्या, झाड एकही पडलं नाही. वाट अरुंद, म्हणून वेग कमी ठेवावा लागला, आणि ज्या उलट्या कोलांटीची त्यानं वर्तमानपत्रवाल्यांपुढं फुशारकी मारली होती ती गाळावी लागली. ती गाळताना त्याला दुखलं. दाजींना मात्र त्यानं ते सांगितलं नाही. दाजींनी नकाशा बघितला, मान हलवली आणि शेंगा पुढं केल्या.

दिवाळीच्या सुट्टीत वावटळ सुरू झाली. दाराशी फुगेवाले परत आले. त्यांच्यात भांडणंही होऊ लागली, तेव्हा कमलताईंचा जीव भांड्यात पडला. पूर्वेच्या उतारावर गाडी झाडांत शिरली की किंकाळ्या थांबायच्या. का थांबायच्या ते कुणी विचारलं नाही. झाडांतून बाहेर पडली, दरी दिसली, की पुन्हा ओरडा सुरू.

एका दुपारी शिरीष दाजींकडं आला तो बगलेत पितळी पाटी घेऊन. कमलताईंनी करवून घेतली होती. येथे अमुक वर्षी दाजी पांचाळ यांनी नागीण नावाची गाडी उभारली, वगैरे. कुठं बसवायची ते दाजींनीच दाखवावं, असा निरोप होता.

दाजी नागिणीच्या जुन्या स्टेशनाच्या जागी बसले होते. आता तिथं एक साधा बाक होता. त्यांनी पाटी हातात घेतली, सगळी वाचली.

"अक्षर सुरेख आहे," म्हणाले. मग पाटी बाकावर पालथी घातली आणि तिच्यावर शेंगा सोलायला घेतल्या.

"दाजी, एवढं तरी करू द्या. काहीतरी राहू द्या ना तुमचं."

तेवढ्यात उतारावरून एक बाई आल्या. चाळिशीच्या असतील. हाताला धरलेली मुलगी वावटळीकडं ओढत होती, आणि त्या मात्र दुसरंच काही शोधत असल्यासारख्या चारी बाजूंना बघत होत्या. बाकाशी आल्या, थबकल्या.

"आजोबा, इथं एक छोटी गाडी होती ना हो? लाकडाचे डबे होते..."

शिरीष सावरून बसला. दाजींनी शेंगांचा हात थांबवला नाही.

बाई सांगत राहिल्या. त्यांचे वडील वर्षातून एकदाच सुट्टी घ्यायचे आणि सगळ्यांना इथं आणायचे. वडिलांना उंचीची फार भीती. तरी पोरीबरोबर डब्यात बसायचे, वळण आलं की डोळे गच्च मिटायचे आणि विचारायचे, काय दिसतंय ते सांग. मग ती सांगायची. दरी सांगायची, ढग सांगायची, नसलेलं हरीणही सांगायची. वडील गेल्या वर्षी गेले. लेकीला ती गाडी दाखवावी म्हणून त्या आज एवढ्या लांबून आल्या होत्या.

"आणि काय गर्द झाडी होती तेव्हा इथं," त्या म्हणाल्या. "ऊनसुद्धा खाली यायचं नाही. आता तेवढी राहिली नाही."

शिरीषला राहवेना. तेव्हा इथं गुडघ्याएवढी रोपं होती, हे तर सांगायलाच हवं होतं. आणि त्याहून मोठी गोष्ट सांगायची होती. ज्यानं ती गाडी बांधली तो माणूस तुमच्यासमोर बसलाय, बाई. त्याच्या पाया पडा...

"अहो ताई, हे..."

दाजींनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. हात हलका होता, पण शिरीषची जीभ जागच्या जागी थांबली.

बाईंचे डोळे ओले झाले होते. दाजींनी ओंजळभर सोललेले दाणे मुलीच्या हातात दिले. मग वर, झाडांच्या शेंड्यांकडं बघितलं. तिथं पाखरांचा गलका चालला होता.

"तुम्हाला आठवत असेल ना, आजोबा, ती गाडी?" बाईंनी विचारलं. "कुणी बांधली होती हो?"

"कोण जाणे, ताई," दाजी म्हणाले. "मी इथं नवीनच आलोय."